द्वारपाल आणि लाल भोपळा

त्या रविवारी आमच्या अख्ख्या मिशन कंपाउंडात मटण करपलं. एखाद्या घरी करपलं असतं तर त्या घरच्या बाईनं चार दिवस बोलणी खाल्ली असती आणि विषय संपला असता. पण इथे वैराळांचं करपलं, पाळकसाहेबांचं करपलं, दवाखान्याच्या मेट्रनबाईंचं करपलं, आणि आमच्या घरी तर पातेलंच टाकून द्यावं लागलं. आमच्या आंबेजळ गावची रविवारची रीत अशी, की बायका सकाळी मटण मंद आचेवर चढवतात आणि उपासनेला येतात. शेवटच्या प्रार्थनेच्या सुमारास प्रत्येकीचा जीव शेगडीपाशी गेलेला असतो, आणि आशीर्वाद मिळाला रे मिळाला की सगळ्या घराकडे पळतात. त्या दिवशी कुणीच पळालं नाही. सगळ्या चर्चच्या आवारात उभ्या राहून शांतपणे एकमेकींना ‘जय ख्रिस्त’ करत होत्या.

मी शमुवेल लोंढे, मिशन शाळेतला निवृत्त विज्ञानशिक्षक. एका घरचं मटण करपलं तर तो निष्काळजीपणा, सगळ्यांचं एकाच वेळी करपलं तर त्यामागे काहीतरी कारण असणार, एवढं मला कळतं. म्हणून मी त्या पातेल्याकडे पुरावा म्हणून पाहिलं. थोडं दुःखानंही पाहिलं, कारण आठवडाभर मी त्या एका जेवणाची वाट बघतो.

कारण सांगण्याआधी दोन बायकांची ओळख करून द्यायला हवी. माझं अर्धं आयुष्य त्या दोघींच्या मध्ये बसण्यात गेलं आहे.

हन्ना माझी बायको. मिशन दवाखान्यात परिचारिका होती, चर्चमध्ये पेटी वाजवते. शलोमीअक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मेहुणे वारले, मुलगा नाथन नागपुरात नोकरीला, आणि अक्का आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. भजनी मंडळात सगळ्यांत खडा आवाज तिचा, आणि ती कायम पेटीच्या थोडी पुढे गाते. हन्ना म्हणते, अक्का पळतात. अक्का म्हणते, हन्नाची पेटी रेंगाळते. मी तबल्यावर असतो, त्यामुळे भजन संपलं की दोघी माझ्याकडे न्याय मागायला येतात. मी लगेच तबला पुसायला घेतो.

एवढ्यावर चाललं असतं तर बरं होतं. पण यंदा ईस्टरला, म्हणजे प्रभू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, पहाटेच्या उपासनेनंतर सगळी मंडळी चहा घेत असताना अक्का मोठ्यांदा म्हणाली, “आज हन्नाच्या पेटीवर विसंबून राहिलो असतो, तर प्रभूला उठायला दुपार झाली असती!” सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. हन्ना हसली नाही.

माणूस राग धरतो तेव्हा तो इतरांना दिसत नाही, घरच्यांना दिसतो. हन्ना भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि हवेशी बोलायची. “दुपार म्हणे!” प्रार्थनेला बसली की तिला अक्काला द्यायची नवी नवी उत्तरं सुचायची, एकाहून एक झणझणीत. मग ती कपाळाला हात लावायची. “अहो, मी प्रार्थना करतेय की भांडणाची तयारी? मला हे मन आवरत नाही हो.” आणि खरंच तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती भाविक बाई आहे, तोंडदेखली नाही. मन राखावं, विचारांना शिस्त लावावी, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि मनापासून करू पाहत होती.

त्याच सुमारास तारणा वैराळ पुण्याहून द्वारपाल घेऊन आली.

तारणा माझी विद्यार्थिनी. मेंदूच्या लहरींवर काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चालक नसलेल्या एसटीतून उतरली ती एक खोकं घेऊनच. खोक्यात कानामागे चिकटवायच्या, बोराएवढ्या चकत्या होत्या. ज्यांना नको त्या विचारांचा छळ होतो, झोप लागत नाही, अशा लोकांसाठी हे यंत्र बनवलं होतं. परवानगी मिळून वर्ष झालं होतं. पाळक ओबेद शिरसाठ तेव्हा नेमके ‘मनाची राखण’ या विषयावर दर रविवारी उपदेश करत होते. त्यांनी तारणाला व्यासपीठावर बोलावलं.

तारणानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण फळ्यासमोर उभं राहायची सवय अजून गेलेली नाही.

कुठलाही विचार आपल्याला कळायच्या जरा आधीच मेंदूत उठलेला असतो. आठवणी जिथे साठतात तिथे आधी हालचाल होते, मग ती पसरते, आणि मेंदूचा एक भाग ठरवतो की याच्याकडे लक्ष द्यायचं की नाही. लक्ष दिलं तरच आपण म्हणतो, ‘माझ्या मनात आलं.’ ही जी मधली निमिषभराची वाट आहे, तिथे द्वारपाल उभा राहतो. चकती लहरी वाचते. नको असलेला विचार ओळखू आला, की कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा अगदी हलका झोत लक्ष देणाऱ्या त्या भागावर सोडते आणि त्याला जरा मंद करते. विचार पुसला जात नाही. त्याच्याकडे लक्ष जात नाही, इतकंच.

“आणि प्रत्येक वेळी दार बंद झालं की कानामागे थंड स्पर्श होतो,” तारणा म्हणाली. “तो कायद्यानं ठेवावाच लागतो. माणसाला न कळता त्याच्या डोक्यातून काही अडवायचं नाही, असा नियम आहे.”

“आणि चुकून चांगला विचार अडवला तर?” मी विचारलं.

“सर, जो विचार आपण होऊन येतो तोच हे अडवतं. तुम्ही स्वतः ठरवून एखादा विचार मनात आणलात आणि धरून ठेवलात, तर याची ताकद तिथे चालत नाही. इच्छा फार मोठी गोष्ट आहे.”

नको असलेले विचार कोणते, हे मात्र ज्यानं त्यानं शिकवायचं होतं. दोन आठवडे चकती लावायची, आणि नकोसा विचार आला की बोटानं दाबायची. पुढचं ती स्वतः शिकते. त्या विचाराचे शेजारीपाजारीही ओळखायला लागते.

आता शिकवायचं कधी? इथे आमच्या लोकांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. पाळकसाहेब म्हणाले, “मन भरकटतं ते सगळ्यात स्पष्ट कधी दिसतं? प्रार्थनेत. तेव्हा प्रार्थनेला बसूनच शिकवा.” सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. दोन आठवडे आमची मंडळी डोळे मिटून कानामागे बोटं दाबत होती. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, अख्ख्या चर्चला डास चावताहेत.

मीही बसलो होतो. पण दीर्घ प्रार्थनेत मला डुलकी लागते, हे जगजाहीर आहे. माझ्या चकतीला शिकायला काही मिळेना. तारणानं ती परत घेतली आणि हसू दाबत म्हणाली, “सर, तुमचं मन फारच राखलेलं आहे.”

हन्नाचा द्वारपाल मात्र हुशार निघाला. महिन्याभरात ती बदलली. रात्री पडल्या पडल्या झोपायला लागली. भाकऱ्या एकसारख्या गोल व्हायला लागल्या. हवेशी बोलणं थांबलं. ती गुणगुणायला लागली, आणि मला खोटं बोलायचं नाही, मला फार बरं वाटलं. ईस्टरपासून घरात जो धूर कोंडला होता, तो गेला. चकती न घेतलेली एकटी अक्का सोडली, तर महिला मंडळातल्या सगळ्याच बायका अशा उजळल्या. पावसाळाभर कंपाउंडात भांडण नाही, कुरबुर नाही, कुणाच्या कोंबडीवरून आरडाओरडा नाही.

मग एका रविवारी विनंतीच्या प्रार्थनेची वेळ आली. आमच्याकडे हा भाग सगळ्यात लांबतो. कुणाच्या व्यालेल्या म्हशीची वार पडत नाही, कुणाच्या पोराचा व्हिसा अडलाय, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत; एकेक जण उठतो आणि सांगतो. पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाची काही विनंती?”

कुणी उठेना.

“कुणाला कुणाची आठवण होतेय का?” त्यांनी पुन्हा विचारलं. सगळे प्रसन्न चेहऱ्यानं त्यांच्याकडे पाहत होते. पंखा फिरत होता. पाळकसाहेबांनी मंडळीला काही उणं नाही म्हणून प्रभूचे आभार मानले आणि गीत सांगितलं. पण गीताच्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. तो आभार मानणाऱ्या माणसाचा नव्हता. त्याच्याच पुढच्या रविवारी मटणं करपली.

त्यानंतरच्या आठवड्यात अक्काच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी सोबत गेलो. डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली तेव्हा अक्कानं पहिलं विचारलं, “हन्ना नाही आली?”

“पाय दुखतोय तिचा,” मी म्हणालो.

“खोटं तुला लहानपणीही जमत नव्हतं, शमू.” तिनं चाचपत माझा हात धरला. “इतकी वर्षं गावात कुणाला साधं इंजेक्शन द्यायचं असलं तरी ती धावत जायची. माझ्याकडे निदान भांडायला तरी यायचं होतं. मी रोज वाट बघते रे. चर्चमध्ये माझ्याकडे बघून हसते, अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं. रागावलेली हन्ना मला चालते. ही नाही चालत.”

मग तिनं सांगितलं, की नाथन बोलावतोय आणि ती जाणार आहे. हंगामाचा सण झाला की दुसऱ्या दिवशी नागपूरला, कायमची. घराला कुलूप.

मी घरी येऊन हन्नाला सांगितलं. “अक्का नागपूरला चालली. कायमची.”

“हो का?” हन्ना म्हणाली. तिचा हात कानामागे गेला. “अहो, तुम्हाला चहा टाकू?”

मी चहा न घेता तारणाला फोन लावला.

ती दुसऱ्याच दिवशी आली आणि तिनं सगळ्यांच्या चकत्यांमधली नोंद उघडून पाहिली. बघता बघता तिचा चेहरा उतरला. “सर, प्रार्थनेला बसल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं?”

“शेगडी,” मी म्हणालो.

“शेगडी. आणि परगावची मुलं. आजारी शेजारीण. जिच्याशी भांडण झालं ती. ज्याची काळजी आहे तो. यांनी प्रत्येक वेळी बटण दाबलं. म्हणून द्वारपाल शिकला, की ही सगळी माणसं नको आहेत. हन्नाकाकूंनी तर अक्कांवर इतकी बोटं दाबलीत, की त्यानं अक्कांचे सगळे शेजारी अडवलेत. त्यांचा आवाज, त्यांचं लोणचं, त्यांचा डोळा. तुम्ही सांगता ते काकूंना ऐकू येतं, पण रुजत नाही.”

मी खुर्चीत बसलो. प्रार्थनेत मन भरकटतं म्हणून आयुष्यभर आम्ही स्वतःला दोष देत आलो. आणि ते भरकटून जात होतं कुठे, तर ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्याच दारात. हे मला इतक्या उशिरा कळावं, याचं मला हसूही आलं आणि रडूही.

पाळकसाहेबांना सांगितलं. भला माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं आणि स्वतःची चूक कबूल केली. मटणाचा विषय निघाल्यावर बायकांना फार समजावावं लागलं नाही. बहुतेकींनी चकत्या तिथेच काढून दिल्या. एक आजी चकती काढल्याबरोबर “अगो बाई, माझा नातू!” म्हणून ओरडली आणि फोन शोधायला पळाली. बराच वेळ सगळीकडे फोनच फोन चालले होते.

हन्नानं काढली नाही.

घरी आल्यावर मी तिला सगळं पुन्हा समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही मला बघताय. मी कधी पाच मिनिटं स्वस्थ डोळे मिटून बसले होते का? आता मिटते, आणि आत कुणी नसतं. फक्त प्रभू असतो. हे सुख मला या वयात मिळालं. तुम्ही म्हणता, ते परत दे?”

“पण आत येणाऱ्याला तू कोण म्हणून विचारतच नाहीस, हन्ना. राखणदारानं विचारायचं असतं. राग असेल तर घालव. पण रागाबरोबर माणूसही घालवायचा?”

“कुठला माणूस?”

“अक्का.”

हात कानामागे गेला. चेहरा पुन्हा निवळला. “काय म्हणत होतात तुम्ही?”

तिच्या कानामागची चकती ओढून काढणं मला अवघड नव्हतं. पण तारणानं बजावलं होतं आणि मलाही पटत होतं, की हे दार उघडायचं तर तिनं स्वतः उघडायला हवं. दुसऱ्यानं फोडलेल्या दाराला कडी राहत नाही.

हंगामाचा सण आला. ज्याच्या शेतात, परड्यात जे पिकलं ते त्या दिवशी वेदीपुढे येतं. ज्वारीची कणसं, ऊस, पेरू, अंडी, एखादा कोंबडा पाय बांधून, आणि यंदा तारणाच्या भावानं काचघरात पिकवलेल्या निळ्या भेंड्या. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा देवाच्या कामाला जातो. लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे, कारण वर्गात ओरडून ओरडून आवाज तयार झाला आहे.

या लिलावात एक न सांगितलेला नियम आहे. अक्काच्या परड्यातल्या लाल भोपळ्यावर कुणी बोली लावत नाही. तो हन्ना घेते. लग्न होऊन आली त्या वर्षापासून घेते. घरी नेऊन त्याचे घारगे करते, अर्धे अक्काकडे पाठवते, आणि सोबत निरोप पाठवते की भोपळा यंदा पाणचट होता. अक्का उलट निरोप पाठवते की घारगे दडस, घट्ट झाले होते. दोन्हीकडचे घारगे त्याच संध्याकाळी संपतात.

भोपळा यंदाही आला. चांगला गरगरीत, केशरी. मी तो दोन्ही हातांनी उचलला. अक्का पहिल्या बाकावर काळा चष्मा लावून बसली होती. हन्ना पेटीपाशी, हात मांडीवर ठेवून.

“लाल भोपळा!” मी पुकारलं. “बोला!”

कुणी बोललं नाही. सगळी मंडळी हन्नाकडे बघत होती. हन्ना माझ्याकडे बघत होती, गोड हसत.

“अ जीवनसत्त्वानं भरलेला,” मी म्हणालो. “डोळ्यांना उत्तम. वेल सेंद्रिय. बोला, बोला.”

मी भोपळा या हातावरून त्या हातावर घेतला. मला घाम फुटला. उभ्या आयुष्यात मी इतका वेळ भोपळ्याविषयी बोललो नव्हतो. त्याच्या फुलांविषयी, परागीकरणाविषयी, मधमाश्यांविषयी बोललो. शेवटी दुसरं काही सुचेना.

“एक वार,” मी म्हणालो.

हन्नाचा हात कानामागे गेला.

“दोन वार.” पुन्हा हात गेला. खाली आला, लगेच परत गेला.

“शमू, पुरे झालं,” अक्का खालच्या आवाजात म्हणाली. “कुणाला तरी देऊन टाक. तीन वार म्हण.”

तीन वार म्हणायचं सोडून मी बायकोकडे पाहत राहिलो. तिनं हात कानामागेच ठेवला होता, आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. किती महिन्यांनी ती आठी मी पाहत होतो!

“थांबा,” हन्ना म्हणाली. “अहो, थांबा जरा.”

मंडळी बाकांवर पुढे सरकली.

“माझ्या दारात कुणीतरी आहे,” ती म्हणाली. “मघापासून येतंय. हाकललं की पुन्हा येतंय. कान नुसता गार पडलाय. इतकं कोण येतंय?” तिनं भोपळ्याकडे पाहिलं. “मला कळत नाही. पण जे इतक्यांदा येतं ते उगाच येत नसेल ना?”

“नाही,” मी म्हणालो.

हन्नानं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. जवळ बसलेल्यांना ऐकू आलं; मला नंतर त्यांनी सांगितलं. ती म्हणत होती, “प्रभू, मी स्वतः उठून दार उघडते. कोण आहे ते तू मला दाखव. तू माझ्याबरोबर उभा राहा, म्हणजे मला भीती नाही.” ती किती वेळ तशी बसली कोण जाणे. कान पुन्हा पुन्हा गार पडत असणार, कारण ती शहारत होती. पण तिनं धरून ठेवलं.

आणि मग तिनं डोळे उघडले. माझी हन्ना त्या डोळ्यांत परत आली.

“अक्का!” ती किंचाळली. “अक्का, तुमचा डोळा!”

पेटीला धडकून, दोन बाकांमधून वाट काढत ती अक्कासमोर गेली. “थेंब कोण घालतंय? दिवसातून किती वेळा? हा चष्मा कुणी दिला, बाजूनं उजेड येतोय! आणि वाकून भोपळा कुणी काढायला सांगितला तुम्हाला? ऑपरेशन झालेल्या माणसानं वाकायचं नसतं!” एका दमात इतकं बोलून ती थांबली, आणि तिचा आवाज चढला. “आणि ईस्टरला सगळ्यांदेखत मला काय बोललात हो तुम्ही!”

सगळंच एकदम आत आलं होतं. काळजी, प्रेम आणि राग, एकमेकांच्या पाठोपाठ.

अक्का उठून उभी राहिली. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं, जे डॉक्टरांनी बजावून मना केलं होतं. “बोलले. चुकले माझं. दुसऱ्या दिवशीच माफी मागायला यायचं होतं, पण माझी मान ताठ. मला माफ कर, हन्ने.”

“माझंही चुकलं,” हन्ना म्हणाली. “मला राग घालवायचा होता. मी तुम्हालाच घालवून दिलं.”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अक्का तिच्या खांद्यावरून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “पण पेटी रेंगाळते ते रेंगाळतेच.”

चर्च असं हसलं की पाय बांधलेला कोंबडा ओरडायला लागला. पाळकसाहेब डोळे पुसत होते. मी अजून भोपळा घेऊन उभा होतो.

“माझी बोली!” हन्ना ओरडली आणि दरवर्षीपेक्षा मोठा आकडा बोलली.

“माझी त्याच्यावर!” अक्का म्हणाली.

“अक्का, भोपळा तुझाच आहे,” मी म्हणालो.

“मग? माझ्या भोपळ्यावर मला बोली नाही? पुकार तू!”

मी पुकारलं. दोघी भिडल्या. मंडळी बाकांवर उभी राहून ओरडत होती, कुणी हन्नाच्या बाजूनं, कुणी अक्काच्या. आंबेजळच्या इतिहासात एका भोपळ्याला इतका भाव कधी आला नव्हता. शेवटी अक्कानं हात टेकले. घारगे तिलाही हवेच होते.

नागपूर बारगळलं. अक्कानं फोनवर नाथनला सांगितलं, की नाताळाला तूच इकडे ये, मला इथे भांडणं आहेत. हन्नानं तिच्या उशाशी डोळ्याच्या थेंबांचं वेळापत्रक लावलं आणि दर वेळी स्वतः जाऊन थेंब घातले.

चकती हन्नानं टाकून दिली नाही. तारणाकडून तिनं एक बदल करून घेतला. आता ती काही अडवत नाही. कुणी आलं की फक्त गार स्पर्श करते. हन्ना प्रार्थनेला बसते. स्पर्श झाला की थांबते, आत कोण आलं ते बघते आणि प्रभूला नाव सांगते. राग आला असेल तर तोही त्याच्यापुढे ठेवते आणि माणसाला आत घेते. झणझणीत उत्तरं अजून सुचतात. परवा एक उत्तर इतकं झकास होतं की तिनं मला सांगितलं, मग दोघं पोटभर हसलो, आणि मग तिनं ते सोडून दिलं. आधीसारखी शांतता नाही. पण ती म्हणते, “अहो, आता प्रभूशी बोलायला विषय आहेत.” तारणाची कंपनी हा बदल सगळ्यांनाच द्यायचा विचार करते आहे.

सणानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाची काही विनंती?” आणि अर्धं चर्च उभं राहिलं. म्हशी, व्हिसा, सुना, नातवंडं. हन्ना उठली. “शलोमीअक्कांच्या डोळ्यासाठी. आणि त्यांच्या तालासाठी.”

“आमेन,” अक्का म्हणाली. “आणि हन्नाच्या पेटीसाठी.”

प्रार्थना सुरू झाली आणि संपेना. मला त्या दिवशी डुलकी लागली नाही, कारण मी मटणाच्या वासावर होतो. बाकाबाकांवर चुळबुळ चालू झाली. पाळकसाहेब म्हैस, व्हिसा, डोळा, ताल, पेटी असं करत करत सगळ्यांपर्यंत पोचले, आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, “आणि हे प्रभू, या घटकेला ज्यांचा जीव शेगडीपाशी आहे त्यांना तू ओळखतोस. त्यांना घरी जाऊ दे. आमेन.”

बायका पळाल्या. मी तबला गुंडाळायचं सोडून दारात आलो. सगळ्यांच्या पुढे दोघी होत्या, पदर खोचलेल्या, आणि अक्का नेहमीसारखी हन्नाच्या थोडी पुढे.

“अक्का, पळू नका!” हन्ना ओरडत होती. “डोळा सांभाळा!”

“तू रेंगाळू नकोस!” अक्कानं मागे न बघता उत्तर दिलं.

मटण त्या दिवशी उत्तम झालं होतं.